रॉक संगीतातील शुभवर्तमान : ख्रिस्ती प्रतिसादांचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

येशू ख्रिस्ताचे दुःखसहन आणि मरण रंगमंचावर दाखवण्याची परंपरा युरोपात मध्ययुगापासून चालत आली असून, बव्हेरियातील ओबरआमेरगाउ या गावी १६३४ पासून होणारे दुःखसहनाचे नाटक हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण होय. १९७० च्या सुमारास या परंपरेला अनपेक्षित वळण मिळाले. चर्चच्या आश्रयाबाहेर, व्यावसायिक रंगभूमीसाठी आणि ध्वनिमुद्रिकांच्या बाजारपेठेसाठी, रॉक या तरुणांच्या संगीतप्रकारात शुभवर्तमानांची, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी नव्या करारात समाविष्ट असलेल्या येशूच्या चार चरित्रांची, कथा गायली जाऊ लागली. अँड्र्यू लॉइड वेबर व टिम राइस यांचे ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ आणि जॉन-मायकेल टेबेलॅक व स्टीफन श्वार्ट्झ यांचे ‘गॉडस्पेल’ या दोन कृती या प्रवाहाच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांना ख्रिस्ती समाजाने दिलेला प्रतिसाद कधीच एकजिनसी नव्हता. एका बाजूने त्यांवर ईश्वरनिंदेचा आरोप झाला, दुसऱ्या बाजूने त्यांची गाणी उपासनेत गायली गेली, आणि या दोन टोकांमध्ये अनेक संयत भूमिका मांडल्या गेल्या. या भूमिका कोणत्या ईश्वरविज्ञानविषयक गृहीतांवर उभ्या आहेत आणि पन्नासहून अधिक वर्षांनंतर त्यांतील कोणते प्रश्न मिटले व कोणते शिल्लक राहिले, याचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी

या वादाची पूर्वपीठिका तीन घडामोडींत आढळते. पहिली घडामोड रोमन कॅथलिक ख्रिस्तसभेतील होय. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिले आणि विविध समाजांच्या संगीतपरंपरांना दार उघडले, त्यामुळे गिटारच्या साथीने मिस्सा गाण्याचा प्रघात अनेक धर्मग्रामांत पडला. दुसरी घडामोड प्रॉटेस्टंट जगातील असून तिची दिशा नेमकी उलट होती. अमेरिकेतील पुराणमतवादी मंडळ्यांत रॉक संगीताविषयी खोल संशय होता, आणि ‘बीटल्स’चे जॉन लेनन यांनी १९६६ मध्ये आपल्या वाद्यवृंदाची लोकप्रियता येशूपेक्षा अधिक असल्याचे विधान केल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या होळ्या झाल्या. रॉकचा ताल हाच देहवासना चाळवणारा आणि म्हणून भक्तीला विजोड, असे मत तेथे प्रचलित होते. तिसरी घडामोड म्हणजे कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेली ‘जीझस चळवळ’ होय. लांब केस राखणाऱ्या, प्रस्थापित समाजाशी फारकत घेतलेल्या तरुणांनी येशूला आपले मानले आणि त्याच्यासाठी आपल्याच संगीतात गाणी रचली. ‘टाइम’ साप्ताहिकाने जून १९७१ मध्ये या चळवळीवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘सुपरस्टार’वर मुखपृष्ठकथा केली, यावरून दोन्ही विषय त्या काळी परस्परांशी किती निगडित मानले जात होते हे लक्षात येते.

दोन कृतींची घडण

‘सुपरस्टार’ ही रॉक ऑपेरा आहे. गद्य संवाद वगळून सारी कथा अथपासून इतिपर्यंत गाण्यांतून सांगणाऱ्या रॉक संगीतातील रचनेला ही संज्ञा लावली जाते. तिचे शीर्षकगीत नोव्हेंबर १९६९ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले, ऑक्टोबर १९७० मध्ये दोन तबकड्यांचा संच निघाला, आणि १२ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मार्क हेलिंजर नाट्यगृहात ती रंगमंचावर आली. लंडनमध्ये १९७२ ते १९८० या काळात तिचे तीन हजारांहून अधिक प्रयोग झाले, तर नॉर्मन ज्युइसन यांनी इस्राएलमध्ये चित्रित केलेला चित्रपट १९७३ मध्ये प्रदर्शित झाला. कथा येशूच्या अखेरच्या सात दिवसांची असली, तरी ती मुख्यतः यहूदा इस्कार्योत या विश्वासघातकी शिष्याच्या नजरेतून उलगडते. चळवळीचे रूपांतर व्यक्तिपूजेत होत असून रोमन सत्ता त्यामुळे सर्वांना चिरडून टाकील, या भीतीने तो येशूला पकडून देतो. कथावस्तू जुळवताना राइस यांनी कॅथलिक बिशप फुल्टन शीन यांच्या ख्रिस्तचरित्राचा आधार घेतला होता, तरीही त्यांनी मूळ मजकुरापासून अनेक ठिकाणी स्वातंत्र्य घेतले. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात येशूविषयीचे स्वप्न रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या पत्नीला पडते, येथे ते स्वतः पिलाताला पडते. येशूला मारलेल्या फटक्यांची संख्या चारही शुभवर्तमानांत दिलेली नाही. रंगमंचावर मात्र एकोणचाळीस फटके मोजून मारले जातात, आणि ही संख्या प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःला बसलेल्या फटक्यांविषयी सांगितलेली आहे.

‘गॉडस्पेल’ची प्रकृती वेगळी आहे. पिट्सबर्गमध्ये नाट्यशिक्षण घेणारे टेबेलॅक १९७० मध्ये ईस्टरच्या उपासनेला गेले असता तेथील निरुत्साही वातावरणाने व्यथित झाले, आणि बाहेर पडताना त्यांच्या वेशामुळे एका पोलिसाने त्यांची अमली पदार्थांसाठी झडती घेतली. या अनुभवातून त्यांनी आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी हे नाटक रचले. मे १९७१ मध्ये ते श्वार्ट्झ यांच्या नव्या संगीतासह न्यू यॉर्कच्या चेरी लेन नाट्यगृहात आले. त्याचा मजकूर मुख्यतः मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टांतांवर बेतलेला असून, अनेक गीतांचे शब्द एपिस्कोपल चर्चच्या स्तोत्रसंग्रहातून घेतलेले आहेत. सर्वाधिक गाजलेल्या ‘डे बाय डे’ या गीताचे मूळ तेराव्या शतकातील बिशप रिचर्ड ऑफ चिचेस्टर यांच्या प्रार्थनेत सांगितले जाते. येशू आणि त्याचे अनुयायी येथे विदूषकाच्या रंगभूषेत वावरतात. या कल्पनेमागे हार्वर्ड विद्यापीठातील ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक हार्वे कॉक्स यांच्या १९६९ च्या ‘द फीस्ट ऑफ फूल्स’ या ग्रंथातील विदूषकरूपी ख्रिस्ताच्या विवेचनाची प्रेरणा होती. बाप्तिस्मा करणारा योहान आणि यहूदा या दोन्ही भूमिका एकच नट करतो, आणि येशूला क्रूसाऐवजी तारेच्या जाळीच्या कुंपणाला लाल फितींनी बांधले जाते.

विरोधाची भूमिका

विरोध मुख्यतः सुवार्तिक, म्हणजे पवित्र शास्त्राचा अधिकार आणि वैयक्तिक परिवर्तन यांवर भर देणाऱ्या, आणि मूलतत्त्ववादी प्रॉटेस्टंट गटांतून आला, आणि त्याचा रोख ‘सुपरस्टार’वर अधिक होता. न्यू यॉर्कमधील शुभारंभाच्या प्रयोगाला नाट्यगृहाबाहेर निदर्शने झाली, तर दक्षिण आफ्रिकेत या कृतीवर बंदी घातली गेली. विरोधकांचे आक्षेप चार होते.

पहिला आक्षेप ख्रिस्ताच्या दैवी स्वरूपाविषयीचा आहे. इ. स. ४५१ मध्ये कॅल्सेडोन येथे भरलेल्या परिषदेने येशू पूर्णतः देव आणि पूर्णतः मनुष्य असल्याचा सिद्धांत मांडला आणि तो बहुतेक ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. ‘सुपरस्टार’मधील येशू थकलेला, चिडलेला आणि आपल्या कार्याविषयी साशंक दिसतो, आजारी लोकांचा घोळका अंगावर आल्यावर तो त्यांना दूर सारतो, त्यामुळे सिद्धांताचा अर्धाच भाग रंगमंचावर उरतो, असे टीकाकारांचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप पुनरुत्थानाच्या अभावाविषयीचा असून तो सर्वांत वजनदार मानला जातो. ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ आहे, अशी पौलाची शिकवण असल्याने, क्रूसाशी थांबणारी कथा शुभवर्तमान या नावाला पात्र नाही असे विरोधक मानतात. तिसरा आक्षेप मरीया मग्दालीयेच्या येशूवरील प्रेमाला दिलेल्या मानवी, काहीशा प्रणयी छटेवर, आणि चौथा यहूदाला मिळालेल्या सहानुभूतीवर होता.

विरोधकांत सूक्ष्म भेद होते हेही नोंदवले पाहिजे. रॉक संगीतच मुळात अपवित्र आहे असे मानणाऱ्या बॉब लार्सन यांच्यासारख्या लेखकांच्या दृष्टीने आशयाची चर्चाच अप्रस्तुत होती. याउलट, त्या काळचे सर्वाधिक प्रभावी सुवार्तिक बिली ग्रॅहॅम यांनी ही कृती ईश्वरनिंदेच्या सीमेवर जाते असे म्हटले असले, तरी तिच्यामुळे तरुण पवित्र शास्त्र उघडून पाहू लागले तर तेवढ्यापुरता लाभच होईल, हेही मान्य केले. संगीताचा प्रकार आणि धर्मसिद्धांत यांची अशी फारकत करणे पुढील काळात महत्त्वाचे ठरले.

स्वागताची भूमिका

स्वागत करणाऱ्यांत अँग्लिकन, एपिस्कोपल आणि ल्यूथरन धर्मगुरू अग्रभागी होते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तेथील प्रमुख धर्मगुरू, मार्टिन सलिव्हन यांनी १९६९ च्या शीर्षकगीताच्या वेष्टनासाठी मजकूर लिहिला आणि दुखावल्या जाणाऱ्या श्रोत्यांना ते ऐकून फेरविचार करण्याचे आवाहन केले. १९७० मध्ये संपूर्ण संच न्यू यॉर्कच्या सेंट पीटर्स ल्यूथरन चर्चमध्ये सादर झाला, आणि व्हॅटिकन रेडिओने तो प्रसारित केला. ‘गॉडस्पेल’ला तर चर्चच्या सभागृहांतून आणि ख्रिस्ती शाळांतून सहज प्रवेश मिळाला, आणि ‘डे बाय डे’ अनेक मंडळ्यांच्या उपासनेत रुजले.

या भूमिकेचा तात्त्विक आधार तीन मुद्द्यांवर आहे. पहिला मुद्दा असा की, ख्रिस्ताचे मनुष्यत्व नाकारणे हाही प्राचीन ख्रिस्तसभेने त्याज्य ठरवलेला पाखंड आहे. येशूचे शरीर केवळ भासमान होते असे मानणाऱ्या त्या मताला दोसेतवाद म्हणतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशू सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेला असे म्हटले आहे, आणि गेथशेमाने बागेत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडल्याचे लूक सांगतो. ‘सुपरस्टार’मधील गेथशेमानेचे गीत या वादात कळीचे ठरते ते याच कारणाने. त्यात येशू आपण का मरावे याचा जाब देवाला विचारतो, चढत्या स्वरात वाद घालतो आणि अखेरीस त्याच्या इच्छेपुढे नमतो. विरोधकांना येथे बंडखोरी ऐकू येते. समर्थक मात्र मार्काच्या चौदाव्या अध्यायातील प्रार्थनेचीच क्रमवारी त्यात पाहतात : आधी प्याला दूर करण्याची विनंती, मग शरणागती.

दुसरा मुद्दा पुनरुत्थानाविषयीचा आहे. योहान सेबास्टियान बाख यांचे मत्तयाच्या शुभवर्तमानावरील दुःखसहनसंगीतही कबरीपाशीच संपते आणि त्याला कोणी अश्रद्ध म्हणत नाही, कारण शुभ शुक्रवारची रचना ईस्टरची जागा घेत नसते, असे समर्थक सांगतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांतही रिकाम्या कबरीपुढे भ्यालेल्या स्त्रियांपाशी कथा थांबते, उठलेल्या ख्रिस्ताचे दर्शन घडत नाही, याकडेही ते लक्ष वेधतात. यावर विरोधकांचे उत्तरही दुर्लक्षणीय नाही : बाख यांचा श्रोता उपासनेसाठी चर्चमध्ये बसलेला होता आणि ईस्टर त्याला ठाऊक होता, मार्काच्या कथेत तर येशू उठल्याची घोषणा स्पष्ट शब्दांत आहे, तर नाट्यगृहातील प्रेक्षकाला यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. या संदर्भात ‘सुपरस्टार’चा शेवट विशेष विचारात घ्यावा लागतो. क्रूसावरील मरणानंतर एक शब्दविरहित वाद्यरचना वाजते आणि तिला योहानाच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायाच्या एकेचाळिसाव्या वचनाचा क्रमांक हेच शीर्षक दिलेले आहे. त्या वचनात बागेतील नव्या, अद्याप कोणालाही न ठेवलेल्या कबरीचा उल्लेख आहे. ते ज्याला ठाऊक आहे त्याला शेवट उघडा वाटतो, इतरांना तो शोकान्त वाटतो. ‘गॉडस्पेल’मध्येही शिष्य येशूचा देह उचलून गात बाहेर पडतात. त्याचा अर्थ पुनरुत्थान असा घ्यायचा की त्याच्या स्मृतीने बांधलेल्या समूहाचा जन्म असा, हे प्रेक्षकावर सोपवलेले आहे.

तिसरा मुद्दा संवादाचा आहे. चर्चपासून दुरावलेल्या पिढीशी तिच्याच संगीतातून बोलणे हे सुवार्तेच्या कार्याशी सुसंगत आहे, आणि यहूदाने विचारलेले प्रश्न त्या पिढीच्या मनातीलच असल्याने ते ऐकून घेणे हे धर्मगुरूंचे कर्तव्य ठरते, असे या पक्षाला वाटते.

तिसरा मार्ग : पर्यायी निर्मिती

निषेध आणि स्वागत यांखेरीज सुवार्तिक वर्तुळात आणखी एक प्रतिसाद उमटला. तो म्हणजे तेच संगीत वापरून सिद्धांताशी सुसंगत कृती निर्माण करण्याचा. राल्फ कारमायकेल आणि कर्ट कायझर यांचे ‘टेल इट लाइक इट इज’ हे १९६९ चे युवासंगीतक ‘सुपरस्टार’च्या आधीचे असले, तरी पुढील काही वर्षांत अशा रचनांना जोर आला. ख्रिस्ती रॉकचे आद्य गायक लॅरी नॉर्मन यांनी चांगले संगीत सैतानासाठी का सोडावे, असा सवाल करणारे गीत १९७२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी डॅलस येथील ‘एक्स्प्लो ७२’ या विशाल युवा मेळाव्यात बिली ग्रॅहॅम आणि रॉक वादक एकाच व्यासपीठावर आले. विन्नेट कॅरल यांचे मत्तयाच्या शुभवर्तमानावर आधारित ‘युवर आर्म्स टू शॉर्ट टू बॉक्स विथ गॉड’ १९७६ मध्ये ब्रॉडवेवर आले. त्याने कृष्णवर्णीय अमेरिकी चर्चमधील गॉस्पेल गायनाची परंपरा रंगभूमीवर नेली आणि पुनरुत्थानाचा जल्लोषही दाखवला. संगीत आणि सिद्धांत यांची सांगड घालता येते, हे या प्रवाहाने कृतीने सिद्ध केले. मात्र मुख्यतः आधीच श्रद्धावान असलेल्या श्रोत्यांपुरत्या राहिलेल्या चर्चमधील युवासंगीतकांना बाहेरच्या जगात ‘सुपरस्टार’इतका श्रोतृवर्ग लाभला नाही.

यहुदी समाजाच्या चित्रणाचा प्रश्न

आरंभी ख्रिस्ती चर्चेत हा प्रश्न दुय्यम राहिला, तरी नैतिकदृष्ट्या तो सर्वांत गंभीर आहे. दुःखसहनाच्या नाटकांनी शतकानुशतके यहुदी समाजाला ख्रिस्तवधाचा दोषी ठरवले आणि त्याची परिणती हिंसेत झाली. व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे येशूच्या मरणाचा दोष तत्कालीन सर्व यहुद्यांवर सरसकट वा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही असे जाहीर केले होते. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत आलेल्या ‘सुपरस्टार’मध्ये प्रमुख याजक कयफा आणि इतर याजक कारस्थानी, रक्तपिपासू दिसतात आणि पिलात मात्र हतबल व सहृदय वाटतो, याकडे अमेरिकन ज्युइश कमिटीसारख्या संस्थांनी लक्ष वेधले. १९७३ च्या चित्रपटानंतर टीका तीव्र झाली आणि इस्राएल सरकारने चित्रपटाच्या आशयाशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. यहुदी-ख्रिस्ती संवादात गुंतलेल्या अनेक ख्रिस्ती विचारवंतांना ही टीका रास्त वाटली. हा दोष मूळ शुभवर्तमानांतील वर्णनांचाच वारसा आहे, असे बचावात म्हटले जाते, परंतु कयफाचे वर्तन राजकीय भीतीतून घडते हे दाखवूनही वेशभूषा, स्वर आणि समूहगायन यांमुळे जुना ठसा कसा कायम राहतो, याचे उत्तर या बचावातून मिळत नाही.

भारतातील पडसाद आणि मराठी संदर्भ

मुंबईत अॅलेक पदमसी यांनी १९७० च्या दशकात ‘सुपरस्टार’ इंग्रजी रंगभूमीवर आणले. त्यात यहूदाची भूमिका नंदू भेंडे यांनी केली होती, जे मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत आत्माराम भेंडे यांचे पुत्र होत. केरळातील कोट्टयम येथे मात्र मेरी रॉय यांच्या शाळेने १९९० मध्ये करावयाच्या प्रयोगावर जिल्हा प्रशासनाने बंदी घातली आणि ती दूर होण्यास २०१५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत वाट पाहावी लागली.

शुभवर्तमानाला परिचित गानप्रकारात उतरवण्याचा प्रश्न मराठी ख्रिस्ती परंपरेला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी भजन, अभंग व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. फरक असा की स्टीफन्स व टिळक दोघेही श्रद्धेच्या आतून, साक्ष देण्याच्या हेतूने रचना करत होते, तर राइस आणि लॉइड वेबर यांनी असा हेतू कधी सांगितला नाही. त्यामुळे परिचित गानप्रकाराचा स्वीकार हा एक प्रश्न आणि रचनाकाराच्या श्रद्धेचा प्रश्न वेगळा, हे मराठी उदाहरणांच्या आधारे अधिक स्पष्टपणे दिसते.

आजची स्थिती आणि अनिर्णित प्रश्न

संगीतप्रकाराविषयीचा वाद आज बव्हंशी मिटला आहे. विद्युत गिटार आणि ड्रम यांच्या साथीने होणारी उपासना सुवार्तिक मंडळ्यांत सर्वत्र रूढ झाली असून, ज्या मार्क हेलिंजर नाट्यगृहाबाहेर १९७१ मध्ये निदर्शने झाली तेथे १९८९ पासून टाइम्स स्क्वेअर चर्चच्या उपासना होत आहेत. २०१८ च्या ईस्टर रविवारी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने ‘सुपरस्टार’चे थेट प्रक्षेपण केले. तथापि स्वीकार सार्वत्रिक नाही : रशियातील रोस्तोव-ऑन-डॉन येथे २०१२ मध्ये ऑर्थोडॉक्स श्रद्धावानांच्या तक्रारीनंतर प्रयोग वादात सापडला होता, आणि २०२५ मध्ये हॉलिवूड बोल येथे सिंथिया एरिव्हो या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने येशूची भूमिका केल्यावर ख्रिस्ताचे सोंग कोणी घ्यावे हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

तीन प्रश्न अद्याप अनिर्णित आहेत. पहिला, पुनरुत्थानाविना सांगितलेली कथा अपूर्ण मानायची की अपुरेपणातूनच श्रोत्याला विचारप्रवृत्त करणारी मानायची. दुसरा, अशा कृतींनी लोक श्रद्धेकडे वळतात की श्रद्धेची जागा सौंदर्यानुभव घेतो. दोन्ही बाजूंनी वैयक्तिक साक्षी पुढे केल्या जातात, पण त्यांतून सर्वसाधारण निष्कर्ष निघत नाही. तिसरा, यहुदी समाजाचे चित्रण संहिता न बदलता केवळ दिग्दर्शनाने सुधारता येईल का. ओबरआमेरगाउने आपल्या संहितेत मोठे फेरबदल केले आहेत आणि ते या बाबतीत अनुकरणीय ठरावेत.

समारोप

या सर्व प्रतिसादांचा एकत्र विचार केला असता, ख्रिस्ती समाजातील फूट पंथांच्या सीमारेषांवरून पूर्णतः स्पष्ट होत नाही असे दिसते. ती अपेक्षेच्या फरकातून निर्माण झाली आहे. जे या कृतींकडे प्रवचन म्हणून पाहतात त्यांना त्या सदोष वाटतात आणि त्यांच्या निकषावर तो निर्णय सुसंगत आहे. जे त्यांच्याकडे प्रश्न विचारणारी कला म्हणून पाहतात त्यांना त्या मोलाच्या वाटतात आणि त्यांचाही निकष ख्रिस्ताच्या मनुष्यत्वावरील प्राचीन शिकवणीत रुजलेला आहे. यांपैकी एका पक्षाला अश्रद्ध किंवा दुसऱ्याला अडाणी ठरवणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. यहुदी समाजाच्या चित्रणाबाबत मात्र अशी समतोल वाटणी शक्य नाही. तेथे झालेली टीका योग्य होती, आणि यापुढे या कृती रंगमंचावर आणणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती संस्थेने तालमींच्या आरंभीच तिची दखल घेतली पाहिजे.